राष्ट्रकर्तव्य एकट्या खेळाडूचेच काय?

टेनिस हा एरवी एकट्याचा खेळ. वर्षभर खेळाडू स्वतःच्या नावाने खेळतो, स्वतःच्या क्रमवारीसाठी झगडतो. परंतु डेव्हिस चषकाच्या लढतीत तो उतरला की पंच गुण पुकारताना त्याचे नाव घेत नाहीत, देशाचे नाव घेतात. या स्पर्धेचे सारे मर्म त्या पुकाऱ्यात आहे. म्हणूनच भारतीय संघावरून चव्हाट्यावर आलेली भांडणे केवळ क्रीडापानावर वाचून सोडून देण्यासारखी नाहीत.

सप्टेंबर २०२४ मध्ये स्टॉकहोम येथे भारत स्वीडनकडून ०-४ असा पराभूत झाला. पाठीच्या दुखापतीमुळे सुमित नागल त्या लढतीत खेळला नव्हता. लगोलग अखिल भारतीय टेनिस संघटनेने खेळाडूंना राष्ट्रकर्तव्याची आठवण करून दिली आणि नागलने वार्षिक ५० हजार डॉलर मागितल्याचे जाहीर केले. नागलने मागणी नाकारली नाही. व्यावसायिक खेळात मोबदल्याची रीतच आहे, असे त्याने सांगितले. झाले! देशासाठी खेळायला पैसे मागतो म्हणजे काय, असा निवाडा देऊन अनेकजण मोकळे झाले.

वरवर पाहता हा निवाडा बिनतोड वाटतो. राष्ट्र प्रथम, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण याच नागलने आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये, आपल्या बँक खात्यात जेमतेम नऊशे युरो उरल्याचे सांगितले होते. त्या वेळी तो एकेरीत देशाचा अव्वल खेळाडू होता. तेव्हा राष्ट्रकर्तव्य कोणाचे होते?

त्याग म्हणजे काय, हे भारतीय टेनिसला शिकवण्याची गरज नाही. १९७४ साल आठवावे. विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला आणि आपल्या पुण्यात सोव्हिएत संघाला नमवून अंतिम फेरी गाठली. समोर होती वर्णद्वेषी राजवटीची दक्षिण आफ्रिका. तेथील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ आपण १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापारी संबंध तोडले होते. भारताने अंतिम लढतीवर बहिष्कार टाकला आणि न खेळताच चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला. १९६६ मध्ये मेलबर्नला आणि १९८७ मध्ये गोथेनबर्गला आपण अंतिम लढत हरलो. १९७४ मध्ये मात्र हरलो नाही; देशाच्या शब्दाखातर चषक सोडला. खेळाडूंनी आयुष्यातील सर्वांत मोठी संधी देशाच्या पदरात टाकली. त्या बदल्यात देशाने टेनिसला काय दिले?

प्रामाणिक उत्तर असे की, जे दिले ते घरांनी दिले. रामनाथन कृष्णन यांना वडिलांनी घडवले; रमेश कृष्णन त्याच घरात घडले. अमृतराज कुटुंबाने मद्रासमध्ये चालविलेल्या प्रशिक्षण योजनेत लिएंडर पेस तयार झाला. त्याच पेसने २०१८ मध्ये डेव्हिस चषकातील ४३वा दुहेरी विजय मिळवून जागतिक विक्रम केला. संघटनेच्या खात्यावर मात्र वेगळ्याच नोंदी दिसतात. २०१३ मध्ये ११ खेळाडूंनी बहिष्कार टाकला. २०२४ ची संघटनेची निवडणूक दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचली. पुण्याच्या बालेवाडीत भरणारी जागतिक दौऱ्यातील स्पर्धाही २०२३ नंतर बंद पडली.

खेळाडू सर्वस्वी निर्दोष आहेत, असे नव्हे. डेव्हिस चषकात सलग २४ दुहेरी सामने जिंकणारे पेस आणि भूपती २०१२ च्या ऑलिंपिकला एकत्र खेळू शकले नाहीत, हा अहंकाराचा पराभव होता. परंतु व्यक्तीचा अहंकार दिसतो. संस्थेचा नाकर्तेपणा मात्र राष्ट्रभक्तीच्या शालीखाली झाकला जातो. हे अधिक घातक आहे, कारण त्यात राष्ट्रभक्ती या पवित्र शब्दाचीच अवहेलना होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये काय घडले? बील येथे भारताने स्वित्झर्लंडला ३-१ असे हरवले. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये फ्रान्सला नमविल्यानंतर युरोपच्या भूमीवर युरोपीय संघाविरुद्धचा हा पहिलाच विजय. आणि आपले दोन्ही एकेरी सामने कोणी जिंकले? ज्याला पैशाचा लोभी ठरविले गेले होते, त्याच सुमित नागलने!

कर्तव्य ही एकेरी वाट नव्हे. सैनिकाकडून शौर्याची अपेक्षा करणारे राष्ट्र त्याला शस्त्र आणि शिधा देते, त्याच्या घराची काळजी वाहते. खेळाडूचे मानधन लेखी ठरावे, संघटनेचा जमाखर्च लोकांसमोर यावा आणि निवड कोणत्या निकषांवर झाली हे आधीच कळावे, एवढी मागणी राष्ट्रभक्तांनीच केली पाहिजे. यापुढे राष्ट्रकर्तव्याचे प्रवचन कानी आले, तर आपण खेळाडूला जाब जरूर विचारावा. पण त्याआधी प्रवचनकाराकडे हिशेब मागावा.