ब्रिज दिसला म्हणून स्टेंट नको



स्नायूखालून जाणाऱ्या हृदयधमनीत लगेच स्टेंट घालावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत रुग्णांना नाहक घाबरवणारे आहे. धमनीची अशी रचना, म्हणजेच १९६० साली अँजिओग्राफीत प्रथम टिपलेली मायोकार्डियल ब्रिज, ही जन्मजात ठेवण आहे. बहुतेकांना तिचा आयुष्यभर त्रास होत नाही. चित्रात धमनी ठोक्यागणिक चिमटते आणि लगेच मोकळी होते; पण हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त मुख्यतः ते शिथिल असतानाच मिळते. म्हणून छातीत दुखत असल्यास हा शिथिलतेचा काळ वाढवणारे बीटा ब्लॉकर आधी द्यावेत. नायट्रेटने चिमटणे वाढू शकते. स्टेंट त्या दाबाखाली तुटू शकतो. औषधांना दाद न देणाऱ्या मोजक्याच रुग्णांत शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. अहवालातील एका ओळीवर घाई करू नका. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्या.

– एक वाचक, नाशिक