आरोग्यधन : तिथी, पापड आणि रक्तदाब

पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य होते आणि ताटात पापडाची भाजी, लोणचे येते. व्रत पाळले जाते. मीठ मात्र वाढते. उच्च रक्तदाबात रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात अनेकदा सूक्ष्म दाह असतो. पोटावरील चरबी तो वाढवते. नियमित चालण्याने व वजन उतरल्याने तो शमू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने मिठाची दैनिक मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा, सांगितली आहे. म्हणून तिथीला पापडाऐवजी बेताच्या मिठाची मूगडाळ असावी. दिवसभर गादीवर बसणाऱ्यांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे झपझप चालावे. बाह्य तपांतील ऊणोदरीही येथे उपकारकच. चौविहार वा उपवास करणाऱ्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. गोळी परस्पर बंद करू नये.