बंदोबस्त दिसतो, हिशेब कुठे दिसतो?

१७ मार्च २०२५. रमजानचा सोळावा रोजा. नागपूरच्या महाल भागात त्या दुपारी औरंगजेबाची कबर हटवावी म्हणून विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाचं आंदोलन झालं. तिथे जाळलेल्या चादरीवर पवित्र आयती होत्या, अशी बातमी मोबाईलवरून पसरली. पोलिसांनी ती अफवा असल्याचं सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. संध्याकाळी चिटणीस पार्क परिसरात दगडफेक आणि जाळपोळ सुरू झाली, रात्री हंसापुरीतही तेच. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले, एका उपायुक्तांच्या हातावर कुऱ्हाडीचा घाव बसला. रेल्वे स्टेशनकडे निघालेला एक कामगार, घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे, जमावाच्या हाती सापडला आणि २२ मार्चला दवाखान्यात वारला. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ती पूर्ण उठायला २३ तारीख उजाडली. महाल, इतवारी, गांधीबाग ही शहराची जुनी बाजारपेठ, आणि ईदच्या खरेदीचे दिवस.

पोलिसांवर कुऱ्हाड उगारणारा कुणीही असो, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. यात आम्हाला "पण" लावायचा नाही. वर्दीतला माणूसही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

आम्हाला बोलायचं आहे ते वेगळ्या गोष्टीवर. त्या रात्रीनंतर दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतून एकच तक्रार ऐकू आली: पोलीस वेळेवर आले नाहीत. हंसापुरीचे हिंदू रहिवासी हेच म्हणत होते, आणि त्या भागातले सत्ताधारी पक्षाचे आमदारही हेच जाहीरपणे बोलले. म्हणजे "मुसलमानांना पोलीस नको असतात" हा जो समज आहे, तो खरा नाही. दुकानदाराला शटर ओढताना चौकात हवालदार दिसावा असं वाटतं. क्लासवरून आठ वाजता परतणाऱ्या मुलीच्या आईलाही तेच वाटतं. मोहल्ल्यात नशेच्या गोळ्या विकणाऱ्यांना कुणीतरी आवरावं, असं तर प्रत्येक मशिदीबाहेर जुम्म्यानंतर लोक बोलतात. गंमत अशी की हाच बाप मुलाला सांगतो, "ठाण्याच्या पायरीवर पाय ठेवू नकोस." पोलीस हवेत आणि पोलिसांची भीतीही आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीचं कारण एकच: आपल्याकडे बंदोबस्त येतो, पण त्याचा हिशेब कुणी देत नाही.

नागपूरचंच पुढचं घ्या. रस्त्यावरच्या सीसीटीव्हीवरून आणि व्हिडिओंवरून शंभरावर लोकांची ओळख पटल्याचं मुख्यमंत्र्यांनी २२ मार्चला सांगितलं. त्यात काही अल्पवयीन मुलंही होती. २४ मार्चला, पोलिसांनी सूत्रधार ठरवलेल्या आरोपीचं घर महापालिकेने पोलीस बंदोबस्तात पाडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी पाडकामाला स्थगिती दिली, पण ते घर तोवर जमीनदोस्त झालं होतं. कुठलंही बांधकाम पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस दिली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला बजावलं होतं. एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी कोर्टाची माफी मागितली. त्या निकालाची आपल्याला माहिती नव्हती, असं त्यांचं म्हणणं. साध्या दुकानदाराने "मला कायदा माहीत नव्हता" म्हटलं तर त्याचा दंड माफ होतो का?

आरोपी दोषी ठरला तर कोर्ट शिक्षा देईल. त्याच घरात त्याची म्हातारी आईही राहत होती, आणि तिच्यावर कुठला गुन्हा होता?

विदर्भातल्याच अकोल्याचं प्रकरण आणखी बोलकं आहे. मे २०२३ च्या दंगलीत सतरा वर्षांच्या एका मुलाने सांगितलं की आपण एक खून होताना पाहिला आणि मग आपल्यावरही हल्ला झाला. त्याच्या तक्रारीवर एफआयआरच झाली नाही. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायमूर्तींनी पोलिसांना खडे बोल सुनावले, वर्दी चढवली की धर्म-जातीचे पूर्वग्रह उतरवावे लागतात असं बजावलं, आणि हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. राज्य सरकार फेरविचारासाठी गेलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याच दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. पथकात कुठल्या धर्माचे अधिकारी असावेत, यावर चॅनेलवाल्यांनी भरपूर चर्चा केली. एफआयआर का घेतली नाही, हा मूळ प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असं आम्ही मानत नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर जी धरपकड झाली, तिच्यात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी, दलित समाजातला तरुण, कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा दाखल करा, हा आदेश मिळवण्यासाठी त्याच्या आईला जुलै २०२५ पर्यंत लढावं लागलं. त्याच परभणीचा आपल्या समाजातला एक इंजिनिअर २००३ मध्ये मुंबईत कोठडीतून नाहीसा झाला होता. त्या खटल्यातले आरोपी पोलीस २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. वीस वर्षांच्या अंतराने दोन आया एकाच दारात उभ्या राहिल्या.

मग हिशेब मागायचा कुठे? यंत्रणा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणं हवीत. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणलं, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाच्या पातळीवर. म्हणजे गडचिरोलीच्या टोकाच्या गावातल्या माणसाने ठाण्याच्या तक्रारीसाठी नागपूर गाठायचं. तरीही कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं या सगळ्यासाठी हे दार उघडं आहे. आपल्यापैकी कितीजणांनी त्याचं नाव तरी ऐकलंय? आमच्या परिचयातल्या चांगल्या शिकलेल्या लोकांनाही ते ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून लॉकअपपर्यंत, निरीक्षकांच्या खोलीसकट, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रण अठरा महिने जपायचं, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेप्रमुखाची. आवारात मराठीत फलक हवा. पाच वर्षं होत आली तरी अंमलबजावणी इतकी ढिली की सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने आपल्या पोरांचे चेहरे दोन-तीन दिवसांत ओळखले जातात. ठाण्यातला कॅमेरा मात्र नेमका त्या रात्री बंद असतो, हे आता कुणी ऐकून घेऊ नये. ठाण्यात काही गैर घडलं असेल तर ताबडतोब, तारीख आणि वेळ लिहून, "अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा" असा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. महिनाभराने वकील शोधत बसलो तर हाती काही लागत नाही.

एफआयआर घेत नसतील तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. आयुक्तालय असेल तिथे ती उपायुक्तांकडे जाते. तिथेही दाद नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बाईला किंवा साठीच्या वरच्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं असतं. आणि अठरा वर्षांखालचं मूल लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. धरपकडीच्या रात्री मुलाच्या जन्मतारखेचा कागद शोधत फिरणारे पालक आम्ही पाहिलेत. शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड घरात हाताशी ठेवा, एवढंच सांगतो.

खात्यात आपली मुलं कमी आहेत, हीसुद्धा बाजू आहे. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते, त्यात मराठी व्याकरण असतं. उर्दू माध्यमातला मुलगा मैदानी चाचणीत पुढे असतो आणि समास-प्रयोगात अडकतो. हे दुखणं बरं करणं आपल्या हातात आहे, त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही.

भिवंडीचा अनुभव आठवा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतली साधी माणसं बसवली, आणि ठाण्यातला हवालदारही त्यांच्याबरोबर बसवला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली होती, भिवंडी शांत राहिली. आजच्या शांतता समित्या सणाच्या आदल्या आठवड्यात भरतात. त्यात चहा होतो, फोटो होतो, डीजेच्या आवाजावर बोलणं होतं आणि सगळे घरी जातात.

पुढच्या बैठकीचं निमंत्रण आलं की आपल्या मोहल्ल्यातल्या जबाबदार लोकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. आपल्या ठाण्यात किती कॅमेरे आहेत आणि आज त्यातले किती चालू आहेत? अटक झालेल्यांची नावं ठाण्यात फलकावर लावायची असतात, तो फलक कुठे आहे? आणि १७ मार्चसारख्या रात्री बाजारपेठेतून पहिला फोन आल्यावर गाडी किती मिनिटांत पोहोचणार? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत, आणि त्याची एक प्रत शेजारच्या हिंदू व्यापारी मंडळालाही द्यावी.