पेन बंद, बाटली हातात: इन्सुलिनच्या 40 आणि 100 च्या घोळात जीव नको जायला

डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने मानवी इन्सुलिनची पेन भारतातून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय 2025 मध्ये घेतला. बाटल्या मात्र मिळत राहणार आहेत. बातमी व्यापाराची वाटते, पण तिचा परिणाम थेट आपल्या घरात होतो. वर्षानुवर्षे पेनचा आकडा फिरवून इन्सुलिन घेणाऱ्या अम्मी-अब्बांच्या हातात आता बाटली आणि सिरिंज येते.

खरा धोका इथेच आहे. पेनमधल्या या इन्सुलिनच्या एका मिलीलीटरमध्ये 100 युनिट असतात, तर आपल्याकडे मिळणाऱ्या बाटलीत बहुधा 40. म्हणून सिरिंजही दोन प्रकारच्या: 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी टोपीची. 40 ची बाटली आणि 100 ची सिरिंज अशी जोडी झाली, तर 20 च्या रेघेपर्यंत ओढूनही शरीरात फक्त 8 युनिट जातात. साखर चढत राहते आणि घरचे म्हणतात, "औषधच लागू पडत नाही." उलट झाले, म्हणजे 100 चे इन्सुलिन 40 च्या सिरिंजने घेतले, तर 20 ऐवजी 50 युनिट जातात. हे जिवावर बेतू शकते. म्हणून उरलेल्या पेनमधून सिरिंजने इन्सुलिन कधीच ओढू नका.

कंपनीने निर्णय घेतला, पण पेशंटला समजावून कोण सांगणार? डॉक्टरांनी चिठ्ठीवर युनिटसोबत 40 की 100 तेही लिहावे. मेडिकलवाल्याने बाटलीला जुळणारीच सिरिंज द्यावी. आपणही दोन्हींवरचा आकडा ताडून पाहिल्याशिवाय दुकान सोडू नये.

रमजानमध्ये तर जास्तच सांभाळायला हवे. सहेरी-इफ्तारचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या, मनाने बदलू नका. रोज्यात घाम सुटला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर तपासा. ती 70 च्या खाली गेली असेल तर रोजा सोडा. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

आजारी माणसाला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?