मातीची पूड, तिची घनता आणि परीक्षापत्रकांतील आंकडे

पुण्यास मातीचा नमुना तपासावयास देणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं जें पत्रक पडतें, त्यांत नत्र, स्फुरद व पालाश यांचे आंकडे दर हेक्टरीं किलोंत दिलेले असतात. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ सालीं निघाल्यापासून हे आंकडे खेडोपाडीं पोंचले, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु ते निघतात कसे, हें थोड्यांसच ठाऊक असावें. आणि आमचा आक्षेप तेथेंच आहे.

प्रयोगशाळा शेत तोलीत नाहीं. दोन मिलिमीटरांच्या चाळणींतून गाळलेली मूठभर कोरडी पूड तोलते. तींत दशलक्ष भागांस अन्नद्रव्याचे किती भाग आहेत तें काढून त्यास २.२४ नें गुणावयाचें, हा रूढ हिशेब. त्यांत गृहीत असें कीं, हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरांचा थर २२ लाख ४० हजार किलो भरतो. म्हणजे घन सेंटिमीटरास सुमारें दीड ग्रॅम. वाळूसर जमिनीस हें बरेंचसें लागू पडेल. आमच्या काळ्या, भारी जमिनीस पडेल काय ?

येथें दोन गोष्टींची गल्लत होतां कामा नये. पुडीच्या कणांचें विशिष्ट गुरुत्व निराळें, आणि पोकळ्यांसह शेतांत पडलेल्या मातीची स्थूल घनता निराळी. पहिल्यास अरुंद तोंडाची कुपी लागते. ती पाण्यानें कांठोकांठ भरून तोलावी. मग रिकामी करून २६.५ ग्रॅम कोरडी माती घालावी, पुन्हां भरावी व तोलावी. वजन १६.५ ग्रॅमच वाढलें, तर मातीनें १० ग्रॅम पाणी हटविलें; गुरुत्व २.६५. मेख आहे ती हवेची. बुडबुडे उकळून घालविले नाहींत, तर गुरुत्व कमी दिसतें. पाण्यांत विरघळणारी खताची पूड असल्यास रॉकेल वापरून त्याच्या घनतेनें गुणावें लागतें. असो. बहुतेक खनिज मातींचा हा आंकडा २.६ ते २.७ च्या आसपासच राहतो. शेतागणिक बदलते ती स्थूल घनता.

ती काढणें घरींहि अवघड नाहीं. दहा सेंटिमीटर व्यासाचें व तितक्याच उंचीचें लोखंडी नळकांडें जमिनींत ठोकावें, आंतील सर्व माती काढून १०५ अंशांवर वाळवावी व तोलावी. मात्र वाफसा पाहूनच हें करावें, कारण काळी माती ओलीनें फुगते व सुकतांना आकसते. नळकांड्यांत ७८५ घन सेंटिमीटर जागा असते. माती ९४२ ग्रॅम भरली, तर घनता १.२. अशा शेताचा तोच थर १८ लाख किलोच भरतो, आणि पत्रकांतील २८० किलो पालाश प्रत्यक्षांत २२५ ठरतो. मुरमाड जमिनींत चूक दुसऱ्या वाटेनें शिरते : चाळणीवर राहिलेले खडे फेकले जातात, पण शेतांत ते असतातच.

यावर कोणी म्हणतील कीं, खतांच्या शिफारशीहि याच गुणकावर बेतलेल्या असल्यानें चूक फिटून जाते. हें अंशतः खरें आहे. एका जातीच्या जमिनीवर बेतलेली शिफारस दुसरीस लावली कीं तें खरें राहत नाहीं. शिवाय नीरा कालव्याखालील चोपण जमिनीस जिप्सम किती घालावें, हें तर मातीच्या वजनावरूनच ठरतें. तेथें चुकीचें वजन म्हणजे गाड्यांचा फुकट खर्च, किंवा अर्धवट सुधारलेली जमीन.

शेतकीचें शिक्षण पुण्यांत १८७९ पासून चालू आहे. त्या शहरांतून निघणाऱ्या पत्रकावर स्थूल घनता व खड्यांचें प्रमाण असे दोन रकाने वाढवावेत, एवढीच आमची मागणी आहे. ते वाढेपर्यंत नमुना देणाऱ्यांनीं नळकांड्याचें वजन स्वतः घेऊन, हिशेब त्याप्रमाणें करून मागावा.