सुंदर हत्ती आणि चालू घडामोडींचा तास

चालू घडामोडींचा धडा गटाने करायच्या प्रकल्पातून शिकवावा, या सूचनेवरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: त्यासाठी परिपाठ आहेच. महाराष्ट्रातल्या शाळांत प्रार्थना, सुविचार आणि दिनविशेषाबरोबर एखादा विद्यार्थी ठळक बातम्या वाचतो. ही प्रथा चांगली आहे, ती टिकावी. पण तिथे बातमी नुसती कानावर पडते. ती कोणी दिली, कोणाला विचारून दिली, तिच्यात काय राहून गेले, हे विचारायला तिथे सवड नसते. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतल्या चालू घडामोडीही नाव, तारीख आणि पुरस्कार यांच्या पुढे क्वचितच जातात.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? हा आक्षेप घटनेला वेगळा विषय मानतो आणि तिथेच चुकतो. कोल्हापूरजवळच्या जोतिबा डोंगराशी जोडलेले एक प्रकरण पाहावे. वाडी रत्नागिरीच्या जोतिबा देवस्थानाला २००७ मध्ये ‘सुंदर’ नावाचा हत्ती अर्पण करण्यात आला. पुढे त्याला वारणानगरला ठेवले गेले. साखळदंड आणि मारहाणीच्या तक्रारी घेऊन ‘पेटा’ ही प्राणिहक्क संघटना उभी राहिली. बीटल्सचे गायक पॉल मॅकार्टनी यांनीही त्याच्या सुटकेसाठी पत्र लिहिले. ऑगस्ट २०१२ मध्ये राज्य सरकारने सुटकेचा आदेश काढला, तो अमलात आला नाही. एप्रिल २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुटकेच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि त्याच जूनमध्ये सुंदर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोचला. या एका प्रकरणात नागरिकशास्त्रातली न्यायव्यवस्था आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागणाऱ्या प्रौढ हत्तीचे जीवशास्त्र आहे आणि मुलाखत, बातमी, अर्ज अशी लेखनाची सगळी रूपे आहेत. पाठ्यपुस्तकातला उच्च न्यायालयावरचा परिच्छेद मुलांना कोरडा वाटतो, कारण त्यात कोणाचेही काही पणाला लागलेले नसते.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. गटकार्यात दोघे राबतात, बाकीचे सही करतात आणि तक्ता शेवटी पालक किंवा झेरॉक्सचे दुकान तयार करते. हे घडते, कारण सगळ्या गटांना एकच काम दिले जाते. काम असे वाटावे की एका गटाजवळचा दुवा दुसऱ्याजवळ नसेल. एक गट वाचनालयातल्या जुन्या अंकांतून तारखांची साखळी लावेल. दुसरा डोंगरावरचे गुरव, गुलाल-खोबऱ्याचे दुकानदार आणि यात्रेकरू यांना भेटेल. तिसरा कायदा आणि निकाल शिक्षकांच्या मदतीने वाचेल, चौथा हत्तीचा आहार, चाल आणि कळपातले जगणे अभ्यासेल. कायद्याच्या गटाला तारखांवाचून पुढे सरकता येत नाही आणि मुलाखतीच्या गटाला काय विचारायचे ते हत्तीच्या गटाकडून कळते. अशा कामात गैरहजर माणूस लगेच दिसतो, आणि बाजारातला तयार तक्ता तर उपयोगीच पडत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप चौथा. हत्ती देवाला वाहिलेला, मुलांची घरे जोतिबाची भक्त. असा विषय वर्गात आणला तर श्रद्धा दुखावेल किंवा शिक्षक आपले मत मुलांच्या गळी उतरवेल, अशी भीती असते. भीती खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. वर्गाने मौन पाळले म्हणून मूल वादापासून दूर राहत नाही. जुलै २०२५ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची हत्तीण महादेवी, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने गुजरातमधल्या ‘वनतारा’त नेली गेली. तेव्हा कोल्हापूर जिल्हा मोर्चांनी ढवळून निघाला आणि शाळकरी मुलांच्या हातातल्या मोबाइलवर घोषणा, अफवा आणि अश्रू एकत्रच येऊन पडले. त्या गर्दीत खरे-खोटे निवडायला त्यांना कोणी शिकवले होते? भक्ताची माया आणि प्राण्याची वेदना या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही नीट ऐकून घ्यायला शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही.

शिक्षकाच्या पक्षपातावर गटपद्धतीतच उतारा आहे. एकट्याने व्याख्यान दिले की मत एकाचेच राहते. चार गट चार ठिकाणांहून पुरावे आणतात तेव्हा शिक्षकाचे विधानही त्याच पुराव्यांवर तपासले जाते. नियम एवढाच असावा की प्रत्येक वाक्यापुढे त्याचा आधार लिहायचा: पाहिले, ऐकले, छापील वाचले की अंदाज केला. शेवटी वर्गाने एकमताचा ठराव करायची सक्ती नको. मतभेद उरला तर तो दोन्ही बाजूंच्या आधारांसह तसाच नोंदवावा आणि गुण आधारांना द्यावेत, मताला नव्हे.

घटनांचा क्रमही जपायला हवा. ताज्या बातमीत भावना तापलेल्या असतात आणि कागदपत्रे अर्धवट असतात. म्हणून आधी सुंदरसारखे शेवटाला गेलेले प्रकरण घ्यावे. त्यात कोणता दावा टिकला आणि कोणता गळाला, हे मुलांना तपासता येते. ती सवय लागल्यावर त्याच वर्गाने माधुरीचे प्रकरण हाती घ्यावे आणि दोन्हींतला फरक मांडावा: सुंदर देवस्थानाजवळ काही वर्षेच होता, माधुरी मठात तीन दशकांहून अधिक काळ राहिली. एका प्रकरणात राज्य सरकारचाच आदेश अमलाविना पडून राहिला, दुसऱ्यात न्यायालयाचा आदेश अमलात आल्यावर लोक रस्त्यावर उतरले.