रिकाम्या जागेतलं गाव

ॲडलेडहून उत्तरेला सुमारे साडेआठशे किलोमीटर. वाटेत एखादं झाड दिसलं, तर बसमधली माणसं एकमेकांना बोट करून दाखवतात. मग पांढुरक्या मातीचे ढीग दिसू लागतात. खळ्यात राशी घालून ठेवाव्यात तसे. हे ऑस्ट्रेलियातलं कूबर पीडी. वस्ती दोन हजारांच्या आत, आणि तीही बरीचशी जमिनीखाली!

1915 साली सोन्याच्या शोधात आलेल्या एका तुकडीतला 14 वर्षांचा विली हचिसन पाणी शोधायला निघाला आणि त्याला सापडलं ओपल. रंग बदलणाऱ्या या रत्नासाठी देशोदेशीची माणसं इथं आली. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. खडकात कोरलेल्या घरात मात्र बाराही महिने चोवीसच्या आसपास. मी अशाच एका खोलीत झोपलो. खिडकी नाही, भिंतीवर यंत्राच्या दातांचे व्रण. दिवा मालवला, की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. सकाळी तोंड धुताना नळ जरा जपूनच सोडला. इथलं पाणी दूरच्या कूपनलिकेतून येतं, तेही खारं; ते गोडं करून मगच घरोघर पोचतं.

गावाचं नाव आलं ते मूळ रहिवाशांच्या 'कुपा पिती' या शब्दांवरून. 'गोऱ्या माणसाचं बीळ' असा त्याचा अर्थ सांगतात. मला हसू आलं, पण नंतर वाटलं, नाव ठेवणारे तर आधीपासून इथंच होते. मग ही जागा ओसाड होती, असं आपण कोणत्या तोंडानं म्हणतो?

राज्यकर्त्यांनी मात्र तसंच मानलं. 1953 साली याच वाळवंटात, एमू फील्डला, ब्रिटिशांनी अणुस्फोट केले. पुढं 1998 मध्ये किरणोत्सर्गी कचरा याच मुलखात पुरण्याचा घाट घातला गेला. तेव्हा कूबर पीडीच्या आदिवासी आजीबाई उभ्या राहिल्या. स्फोटांनंतरचे दिवस त्यांना आठवत होते. त्यांनी सभा घेतल्या, पत्रं लिहिली, दूरच्या शहरांत जाऊन आपलं म्हणणं मांडलं. 2004 साली सरकारनं तो बेत सोडून दिला.

ओपल पाहायला म्हणून मी गेलो होतो. परतताना मनात राहिल्या त्या या आज्या. नकाशावर एखादी जागा कोरी दिसली, की तिथं नको असलेलं काहीही टाकायला आपण मोकळे होतो. टाकण्यापूर्वी एवढंच विचारावं : इथं कोण राहतं?